विल्फ्रेडचं नख

ॲक्रॉइडसाहेबांच्या दिवाणखान्यात, शेकायच्या शेगडीच्या वरच्या भिंतीवर, लग्नाच्या फोटोपेक्षा जरा उंच जागी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. घरकर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या थॉर्नबेक शाखेत ते उपव्यवस्थापक होते आणि निवृत्त होईपर्यंत शाखेचे अधिकृत प्रथमोपचारकही होते. त्या सगळ्या काळात शाखेत दुखापत म्हणावी अशी एकच झाली. पाकिटाची कड लागून कॅशियरबाईंचं बोट कापलं, आणि साहेब पेटीचं कुलूप उघडेपर्यंत बाईंनी ते बोट तोंडात घालून प्रश्न परस्पर मिटवून टाकला. साहेबांना ते फार लागलं. तेव्हापासून ते एका खऱ्याखुऱ्या जखमेची वाट पाहत होते, असं म्हटलं तरी चालेल.

म्युरिएलबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, उंदीर पाळत. थॉर्नबेकमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नसे. यॉर्कशायरमधल्या त्या गावात कुणी शर्यतीची कबुतरं पाळी, कुणी डोक्याएवढे कांदे पिकवून प्रदर्शनात मांडी, तसे बाईंचे उंदीर. सध्या दोन होते. हर्बर्ट हा तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या हनुवटीचा, गोल गरगरीत आणि निवृत्त. आणि विल्फ्रेड म्हणजे दुधासारखा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, उंदीरप्रेमी मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाचा उमेदवार. पांढऱ्या उंदरांचा चषक वर्षानुवर्षं क्रॅबट्रीबाईंच्या घरी मुक्कामाला होता. म्युरिएलबाईंना तो एकदा, फक्त एकदा, आपल्या घरी आणायचा होता. पांढऱ्या नराचं वय झालं की अंगावर पिवळट झाक येते आणि मग परीक्षक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. विल्फ्रेडला ती अजून आली नव्हती, पण पुढच्या वर्षी नक्की आली असती. तेव्हा चषक मिळायचा तो याच शनिवारी.

आणि नेमकं त्याच आठवड्यात व्हिटबीला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं.

"मी शनिवारी तिकडून थेट हॉलवर येते," कोट चढवता चढवता म्युरिएलबाई म्हणाल्या. "तोवर उंदरांचं शेजारच्या नोरीनला सांगू का?"

"नोरीनला? का? प्रमाणपत्र नोरीनकडे आहे?"

"डेझ्मंड, तू आजवर त्यांना हात तरी लावलायस का?"

हे खरं होतं. साहेबांच्या हाती उंदीर द्यायचाच झाला तर ते आधी भट्टीतून केक काढायचे जाडजूड हातमोजे घालत, आणि त्यांच्या तोंडी शब्द कायम "तुझे उंदीर" असाच असे. पण त्या दिवशी त्यांनी छाती पुढे काढली.

"निश्चिंत जा. तुझ्या उंदरांना मी माणसासारखं सांभाळीन."

"माणसासारखं नको. उंदरासारखं सांभाळ," बाई म्हणाल्या. "पिंजऱ्यातल्या झोळीचे दोरे सुटले तर कापून टाक, नखं अडकतात. शेपटीला धरून कधी उचलायचं नाही. आणि नखातून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धर, थांबतं. कॉर्नफ्लोअर फडताळात डावीकडून तिसऱ्या डब्यात. घाबरायचं नाही."

म्युरिएलबाईंचे डबे सगळे एकसारखे होते आणि एकावरही नाव नव्हतं, कारण कुठल्या डब्यात काय हे बाईंना पाठ होतं. त्या गेल्या, आणि घरात पुरुषमाणूस एकटा राहिला की त्याला जी सुधारणेची उबळ येते ती साहेबांना आली. त्यांनी फडताळ रिकामं केलं, पुसलं, आणि डबे उंचीप्रमाणे लावले. फार छान दिसलं ते.

गुरुवारी दुपारी पिंजऱ्यातून अशी किंकाळी आली की साहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र उडालं. विल्फ्रेडच्या मागच्या पायाचं नख झोळीच्या सुटलेल्या दोऱ्यात अडकलं होतं. साहेबांनी हातमोजे घातले, हातमोज्यांत कात्री धरता येईना म्हणून काढले, धीर एकवटून परत घातले, आणि या घालण्याकाढण्यात विल्फ्रेडने स्वतःच हिसका देऊन पाय सोडवला. नख अर्धं तुटलं. पांढऱ्या केसांवर रक्ताचे थेंब पडले. आयुष्यभर जिची वाट पाहिली ती खरी जखम समोर आली, आणि साहेबांनी आधी डोळेच मिटून घेतले.

पण प्रशिक्षण ते प्रशिक्षण. त्यांनी विल्फ्रेडला स्वच्छ टॉवेलवर घेतलं, फडताळ उघडलं, डावीकडून तिसरा डबा काढला, आतली फिकट पावडर चिमटीत घेऊन नखावर दाबून धरली. मनात शंभर आकडे मोजले. बोट काढलं. रक्त थांबलं होतं!

साहेब थोडे मागे सरकून आपल्या कामाकडे बघत राहिले. तेवढ्यात विल्फ्रेडने डब्यात उडी मारली, पावडरीत दोन गोल चकरा मारल्या आणि शिंकत बाहेर आला. साहेबांनी त्याला झटकून पिंजऱ्यात ठेवलं. स्वयंपाकघरात कसलासा गोड वास येत होता, पण यशाच्या क्षणी माणूस वासांकडे लक्ष देत नाही. संध्याकाळी बाईंचा फोन आला.

"विल्फ्रेड कसा आहे?"

"एकदम झकास," साहेब म्हणाले. नखाचं ते मुद्दामच बोलले नाहीत. ती बातमी शनिवारी, चषकाच्या शेजारी उभं राहून सांगायची असं त्यांनी ठरवलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पिंजऱ्यावरचं कापड काढलं तर विल्फ्रेड पिवळा झालेला.

पिवळट नव्हे, चांगला पिवळा. पाय, पोट, तोंड, कानांच्या मागे. उंदीर दिवसातला निम्मा वेळ स्वतःला चाटून पुसून घेण्यात घालवतात, आणि विल्फ्रेड त्या बाबतीत फार शिस्तीचा. जिथे जिथे त्याची जीभ फिरली होती तिथे तिथे तो पिवळा झाला होता. साहेबांच्या डोक्यात एकच शब्द आला, कावीळ. त्यांनी हर्बर्टकडे पाहिलं. विल्फ्रेडला प्रेमाने चाटणाऱ्या हर्बर्टची हनुवटीही पिवळी! म्हणजे संसर्गजन्य कावीळ. साहेब खुर्चीत बसले. उद्या प्रदर्शन, आणि म्युरिएलने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भरवशावर उंदीर सोपवले होते.

कुंपणापलीकडे नोरीन कपडे वाळत घालत होती. तिचा सल्ला तयार होता. "ब्रँडी दे, राजा. चमचाभर त्याला आणि पेलाभर तुला."

डाव्या हाताच्या घरातले बर्टव्हिसल कबुतरवाले. जगातला प्रत्येक आजार त्यांनी कबुतरात पाहिलेला. "माझ्या एका कबुतराला असंच झालं होतं," ते म्हणाले.

"मग काय केलंत?"

"काय करणार? मेलं."

साहेबांनी प्राण्यांच्या दवाखान्याला फोन लावला. यंत्राने सांगितलं की कुत्र्यासाठी एक दाबा, मांजरासाठी दोन, घोड्यासाठी तीन. साहेबांनी आकाराचा हिशेब करून दोन दाबलं. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की उंदीर बघणाऱ्या डॉक्टरीणबाई सोमवारी येतात.

"पण तो आज आजारी आहे."

"हो ना, तेच सोमवारी त्यांना सांगा."

"आणि सोमवारपर्यंत तो गेला तर?"

"तर मग कृपया वेळ रद्द केल्याचं कळवा. दुसऱ्या कुणाला ती देता येते."

"अरे, नगरपालिकेला फोन कर," बर्टव्हिसल कुंपणावरून ओरडले. "कर भरतोस ना? मग वसूल कर!"

साहेबांनी नगरपालिकेला फोन लावला. यंत्र बोलायला लागलं. रस्त्यावरचे दिवे, कचरा, पार्किंग, आणि उंदरांसाठी चार. एवढ्या मोठ्या देशात उंदरांचा विचार कुणीतरी केला होता! त्यांनी चार दाबलं.

"घरात उंदीर आहे?" पलीकडची बाई म्हणाली.

"दोन आहेत."

"जिवंत?"

"सध्या तरी," साहेब म्हणाले. "पण लवकर काहीतरी करायला हवं हो."

"काळजी करू नका. तासाभरात माणूस पाठवते. तुम्हाला नंतर त्रास राहणार नाही."

इतकी तत्परता आणि इतकी माया! साहेबांनी मनातल्या मनात नगरपालिकेला आजवर दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या.

तासाभराने दारात गाडी थांबली. गाडीवर चारी पाय वर केलेल्या उंदराचं भलंमोठं चित्र होतं. हातात पेटी घेतलेला, जाड बुटांचा टेरी नावाचा इसम थेट स्वयंपाकघरात आला.

"कुठंय?"

"टेबलावर."

विल्फ्रेड टेबलावर, गरम पाण्याच्या पिशवीला टेकून, टॉवेल पांघरून बसला होता. साहेब त्याला मऊ अंडं भरवत होते. टेरीने पेटी हळूच खाली ठेवली.

"साहेब, याला टॉवेल कुणी दिला?"

"मीच. ऊब महत्त्वाची."

"आणि हा चमचा चांदीचा आहे का?"

"लग्नातला आहे. तुम्ही तपासा ना त्याला. डॉक्टर ना तुम्ही?"

टेरी खुर्चीत बसला. "मी उंदीर मारतो, साहेब. नगरपालिका त्याचाच पगार देते मला."

साहेब विल्फ्रेडच्या पुढे आडवे उभे राहिले. आपण असे उभे राहू हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. मग प्रतिष्ठा आठवून ते म्हणाले, "हे बघा, गैरसमज नको. हा माझा नाही. माझ्या बायकोचा आहे."

"तसं सगळेच म्हणतात," टेरी म्हणाला. त्याने विल्फ्रेडच्या कानामागे बोटाने खाजवलं, विल्फ्रेडने डोळे मिटले, आणि टेरी उगाच खाकरला. "गुणी आहे हो. पण एक अडचण आहे. उंदीर जागेवर असताना तक्रार बंद करता येत नाही मला. तुमचं प्रकरण उघडंच राहणार. मला पुन्हा बघायला यावं लागेल."

तो गेला तेव्हा गल्लीतल्या एकूण एक खिडकीचा पडदा हलत होता. नोरीन फाटकात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"डेझ्मंड ॲक्रॉइड! बायकोची पाठ वळली नाही तोच मारेकरी बोलावलास?"

साहेबांना हे समजावून सांगायला इतका वेळ लागला की शेवटी नोरीनलाच त्यांची दया आली. संध्याकाळी तिने सॉसेज आणि कुस्करलेल्या बटाट्यांची ताटली आणून दिली. साहेबांना दिवसभर खाण्याची शुद्ध नव्हती. कांद्याचा रस्सा तेवढा त्यांनी स्वतः केला, आणि तो पातळ झाला म्हणून डावीकडच्या तिसऱ्या डब्यातला चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवायला घेतला.

पाणी पडताच वाटीतली पावडर पिवळी झाली. साहेब वाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट बुडवून चाटलं. गोड नव्हतं, पण व्हॅनिलाचा वास नाकात शिरला. त्यांनी डब्यांची उंचीप्रमाणे लावलेली सुंदर रांग पाहिली. कस्टर्ड पावडर! कस्टर्ड पावडर म्हणजे तरी काय, रंग आणि वास घातलेला कॉर्नफ्लोअरच, म्हणून तर रक्त थांबलं होतं. कावीळ नव्हती. विल्फ्रेड मरणार नव्हता. साहेब इतके हरखले की त्यांनी हर्बर्टच्या पिवळ्या हनुवटीलाही हात लावून पाहिला, आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की उद्या पांढऱ्या उंदरांचं प्रदर्शन आहे.

त्यांनी कोमट पाणी घेतलं, दातांचा मऊ ब्रश घेतला आणि विल्फ्रेडला धुतलं. पिवळा जाऊन लोण्याचा रंग आला. पुन्हा धुतलं. लोणी काही हटेना. तिसऱ्या वेळी विल्फ्रेड थंडीने कुडकुडायला लागला, तेव्हा मात्र साहेबांनी ब्रश फेकला. केस वाळवायच्या यंत्राच्या आवाजाने तो आणखीच घाबरला. मग साहेबांनी त्याला स्वेटरच्या आत, शर्टावर छातीशी धरलं आणि गुंड्या लावल्या. जरा वेळाने तो कापायचा थांबला. आणखी जरा वेळाने झोपला. साहेब बातम्या संपेपर्यंत हलले नाहीत. त्याच वेळी बाईंचा फोन आला.

"विल्फ्रेड?"

"आहे, माझ्याजवळच आहे," साहेब म्हणाले. पुढचं सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही.

मंडळाचं प्रदर्शन चर्चच्या हॉलमध्ये भरे. दारातच एक टेबल असे आणि त्या टेबलावर प्रत्येक उंदराची तपासणी होई. एक जरी शिंकणारा किंवा आजारी निघाला तर त्या घरचे सगळे उंदीर परत, आणि त्यावर अपील नाही. उंदीर कानाशी धरून त्याचा श्वास ऐकण्यात क्रॅबट्रीबाईंचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून तपासणीला कायम त्याच बसत. चषकही त्यांच्याच घरी राही, याबद्दल मंडळात कुणी बोलत नसे.

साहेब रांगेत उभे असतानाच म्युरिएलबाई बस पकडून, धापा टाकत पोचल्या. त्यांनी विल्फ्रेडला आणलेल्या डब्यात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "आली की याची झाक. मला वाटलं होतं या वर्षी तरी तग धरेल. जाऊ दे, वय कुणाला चुकलंय!"

म्हणजे साहेब सुटले होते. गप्प राहिले असते तर सगळा दोष वयावर जाऊन प्रकरण तिथेच संपलं असतं. साहेब हा हिशेब करत होते, तेवढ्यात त्यांचा नंबर लागला.

क्रॅबट्रीबाईंनी विल्फ्रेडला कानाशी धरलं. मग नाकाशी धरलं. पुन्हा नाकाशी धरलं.

"म्युरिएल, वयाने उंदीर पिवळा होतो, हे मलाही माहीत आहे," त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "पण वयाने त्याला पुडिंगचा वास येत नाही. पिवळेपणा झाकायला याच्या अंगाला पावडर चोळली आहे. याला फसवणूक म्हणतात. नाव काढून टाकतात यासाठी मंडळातून."

अर्धं आयुष्य म्युरिएलबाईंनी या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, चहा केला होता, दुसऱ्यांच्या चषकांना टाळ्या वाजवल्या होत्या. त्या विल्फ्रेडचा रिकामा डबा मिटायला लागल्या. साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनातलं प्रमाणपत्र भिंतीवरून खाली आलं.

"तिला काही माहीत नाही," ते म्हणाले. "मी लावली पावडर. नख तुटलं म्हणून. कॉर्नफ्लोअर समजून कस्टर्ड पावडर लावली."

"काय लावलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"कस्टर्ड," साहेब मोठ्याने म्हणाले, आणि एकदा सुरू झाल्यावर सगळंच बाहेर आलं. डबे उंचीप्रमाणे लावले ते, कावीळ, घोड्यासाठी तीन, उंदरांसाठी चार, टेरी, चांदीचा चमचा, कांद्याचा रस्सा. मांजरासाठी दोन दाबलं इथपर्यंत लोकांनी हसू दाबलं होतं. टेरीची गाडी आल्यावर हॉलमध्ये हशा फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकवून हसत होती. साहेब लालबुंद होऊन, ताठ उभे राहून शेवटपर्यंत सांगत राहिले.

"गोष्ट चांगली आहे," क्रॅबट्रीबाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "पुरावा?"

साहेबांनी प्रथमोपचाराची पेटी उघडली. न जाणो पुन्हा रक्त आलं तर, म्हणून त्यांनी तो कस्टर्डचा डबा पेटीत घालून बरोबर आणला होता. पांढरा कोट घातलेले परीक्षक होल्ड्सवर्थ पुढे आले. त्यांनी ओलं बोट पावडरीत बुडवून वर धरलं. बोट पिवळंधमक झालं.

"क्रॅबट्रीबाई," होल्ड्सवर्थ म्हणाले, "उंदीर पांढरा दिसावा म्हणून हे कुणी लावेल का? इतका मूर्ख माणूस असतो का कुठे?"

"असतो," साहेब म्हणाले. "मी आहे."

यावर क्रॅबट्रीबाईंनाही हसू आवरलं नाही.

म्युरिएलबाईंचं नाव मंडळात राहिलं. चषक मात्र गेला, कारण लोण्याच्या रंगाचा उंदीर पांढऱ्या वर्गात बसत नाही, मग तो कशामुळे का झालेला असेना. श्वास स्वच्छ होता आणि नख सुकलेलं होतं, म्हणून होल्ड्सवर्थनी त्याला लाडक्या उंदरांच्या वर्गात घेतलं. तिथे रंग बघत नाहीत, स्वभाव बघतात. म्युरिएलबाईंनी विल्फ्रेडला हातावर घेऊन परीक्षकांपुढे धरलं. हॉलमध्ये अजून हशा चालूच होता. विल्फ्रेड बावरला, बाईंच्या हातावरून खांद्यावर गेला, तिथून त्याने शेजारी उभ्या असलेल्या साहेबांच्या खांद्यावर उडी मारली आणि स्वेटरच्या गळ्यातून आत शिरला. फक्त शेपटी बाहेर राहिली.

"बाहेर काढा त्याला," होल्ड्सवर्थ म्हणाले.

साहेबांनी आत डोकावलं. "झोपलाय हो."

चेहरा न दाखवता विल्फ्रेडचा तिसरा नंबर आला.

परतीच्या बसमध्ये म्युरिएलबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"मी तुझ्यावर रागावले आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"पुढच्या वर्षी तो खरंच पिवळा होईल, डेझ्मंड. हे एकच वर्ष होतं."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि त्यावर कुठलाही प्रथमोपचार त्यांना येत नव्हता. स्वेटरमध्ये काहीतरी वळवळलं. त्यांनी वरून हात ठेवला.

बाईंनी तो हात पाहिला. "तुझे हातमोजे कुठे आहेत?"

"कुठले हातमोजे?" साहेबांनी विचारलं.

बाई पुन्हा खिडकीकडे वळल्या, पण या वेळी त्यांचे खांदे हलत होते. साहेबांना आधी वाटलं त्या रडतायत. मग कळलं की त्या घोडे, मांजरं आणि टेरी आठवून हसतायत.

शेगडीवरच्या भिंतीवरून प्रमाणपत्र उतरलं आणि तिथे तिसऱ्या क्रमांकाचं हिरव्या रिबिनीचं फूल लागलं. डबे पुन्हा पहिल्यासारखे झाले. रविवारी गोड म्हणून ॲपल पाय असे, पण त्यावर ओतायचं कस्टर्ड बंद झालं. ते आता जखमींसाठी राखून ठेवलंय, असं बाईंनी सांगितलं, आणि साहेब कोरडा ॲपल पाय मुकाट्याने खाऊ लागले.

मग एके दिवशी दारात चारी पाय वर केलेल्या उंदराची गाडी पुन्हा थांबली. टेरी आला. या वेळी त्याच्या हातात पेटी नव्हती, बिस्किटाचा पुडा होता.

"प्रकरण उघडं आहे ना, बघायला यावं लागतं," तो चपला झटकाव्यात तसे बूट पायपुसण्यावर झटकत, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "काय साहेब, बाईसाहेबांचा उंदीर कसाय?"

स्वयंपाकघरात म्युरिएलबाईंच्या हातातली कपबशी थांबली.

"हळू बोला," ॲक्रॉइडसाहेब स्वेटरच्या गुंड्यांवर हात ठेवून म्हणाले. "माझा उंदीर झोपलाय."